येळवसची ट्रॉली: प्रकल्प नोंदी

१८ ऑगस्ट

ट्रॉली दारात आली. रस्त्याच्या ठेकेदाराकडची आहे. डांबरीकरणावरची माणसं साइटवर हिच्यातच झोपायची. काम उरकलं, ठेकेदार पुढच्या कामावर गेला आणि ट्रॉली यार्डात पावसात पडून राहिली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद. आत उभं राहिलं तर टोपी छताला घासते. एक आस, दोन चाकं, पुढं ट्रॅक्टरच्या हुकात अडकवायची कडी. दार पाठीमागं. खिडक्या दोन: एकीला काच, दुसरीला सिमेंटचं पोतं.

भाव भंगाराचा, काट्यावर वजन करून. ११४० किलो भरली. पैसे मोजायच्या आधी कागद पाहिले, कारण पुष्कळ लोक ट्रॉलीला ट्रॅक्टरचंच शेपूट समजतात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ६१ प्रमाणे ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रॉलीच्या पाठीवर दिसावा लागतो. ठेकेदारानं आरसी जपून ठेवली होती, तेवढं त्याचं पुण्य. कलम ५२ चंही भान ठेवायचं आहे: नोंदणीत जे लिहिलंय त्यात फरक करायचा तर आधी परवानगी. म्हणून लांबी, रुंदी, आस, चाकं जशीच्या तशी. दार आणि छत बदलायचं असल्यामुळं त्याचा अर्ज नावबदलीच्या कागदांसोबतच दिला.

भाचा ट्रॅक्टरवरून उतरला आणि पहिलं वाक्य, "मामा, हे कामून आणलं?"

येळवस, म्हणजे आमच्या लातूरकडची मार्गशीर्ष अमावास्येची शेतातली पूजा आणि पंगत, यंदा अक्काच्या शेतात मुक्कामी राहून करायची, म्हणून आणलं. मुदत तोपर्यंत.

२३ ऑगस्ट

आतलं सगळं उपसलं. लोखंडी बाकडी कापून काढली, प्लायवूडच्या पोपड्या हातानंच निघाल्या. तळाला डांबर. बुटांना चिकटून आलेलं, वर्षानुवर्षं साचत गेलेलं, काही ठिकाणी बोटभर जाड. उन्हात मऊ असताना खरवडलं तर पट्टीला चिकटतं आणि परत तिथंच पसरतं. पहाटे, पत्रा गार असताना, छिन्नी आडवी धरून मारली की खपल्या उडतात. उरलेल्याला डिझेलचं फडकं.

डांबराखालचा पत्रा मात्र नव्यासारखा निघाला! जिथं डांबर नव्हतं तिथं चाळण.

हातोडी घेऊन चेसिसभर ठोकत फिरलो. चांगलं लोखंड खणखणतं, गंजलेलं भदभद वाजतं. दोन आडवे चॅनेल बाद, उजवीकडचा मागचा कोपरा बाद. कडीपासून आसापर्यंतचे दोन्ही लांब चॅनेल शाबूत. ते गेले असते तर ट्रॉली परत काट्यावरच गेली असती.

२ सप्टेंबर, पोळा

सकाळपासून झड. बाहेर काहीच करता येईना म्हणून आत खडू घेऊन बसलो आणि गळेल तिथं खूण करत गेलो. छताच्या पत्र्यातून एक थेंबही नाही. पाणी येतं ते रिव्हेटच्या भोकांतून आणि पत्र्याच्या जोडातून. एके ठिकाणी पाणी पुढच्या जोडात शिरून अँगलच्या पोटातून वाहत थेट मागच्या कोपऱ्यात टपकत होतं. तो कोपरा का कुजला ते कळलं.

संध्याकाळी मंडळींनी पुरणपोळीचं ताट ट्रॉलीतच आणून दिलं. म्हणाली, "आता इथंच राहणार आहात म्हणे."

१५ सप्टेंबर

औसा रोडला वेल्डिंगवाल्या चाचांकडं ट्रॉली नेली. चाचांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मिस्त्री, ये पूरा निकालना पडेगा." पूर्ण नाही, दोन चॅनेल आणि एक कोपरा, यावर चहा झाला. चॅनेल बदलले. जिथं आडवा चॅनेल लांब चॅनेलला मिळतो तिथं त्रिकोणी पट्ट्या टाकल्या. वेल्डिंगवरचा कीस झटकून त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारला. आपल्याकडं लोक वेल्डिंग करून ठेवतात आणि रंग पुढच्या आठवड्यात मारतात. तोवर सप्टेंबरची हवा आपलं काम करून जाते.

२२ सप्टेंबर

आज आस, पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) आणि हब (चाकाचा मधला भाग, बेअरिंग असतात तो). यात मला कोणाला विचारायची गरज नाही. एसटीत नोकरीचा बराच काळ चिकलठाण्याच्या कार्यशाळेत बॉडीवर गेला, पुढं लातूर आगारात खड्ड्यात उभं राहून.

पाटे मालासाठी बनवलेले, एका बाजूला सात. रिकाम्या ट्रॉलीला सात पाटे म्हणजे पाटे नसल्यातच जमा. खड्डा आला की ती वाकत नाही, उडते, आणि आतल्या कपाटाचे स्क्रू एकेक करून सुटतात. मुख्य पाटा आणि त्याच्या खालचा राखून मधले दोन काढले. मधला बोल्ट आखूड घातला, यू-बोल्ट नवे. शॅकलच्या बुशी झिजून अंडाकृती झाल्या होत्या, त्या बदलल्या.

हब उघडल्यावर ग्रीस काळं आणि वाळूसारखं. बेअरिंग चिमटीत धरून फिरवलं की बोटांना खरखर लागली. दोन्ही बाजूंचे बेअरिंग आणि ऑइल सील नवे. ग्रीस बाहेरून थापायचं नसतं. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायची, दुसऱ्या बाजूनं रोलरमधून ग्रीस वर येईपर्यंत. मग नट आवळताना चाक हातानं फिरवत राहायचं, चाक जड झालं की नट थोडा मागं, आणि स्प्लिट पिन. चाकाला वर-खाली हलवून खेळ जाणवू नये, पण फिरवल्यावर ते मोकळं फिरावं.

भाच्याचा हट्ट: जीपमागं लावू, साठच्या स्पीडनं जाऊ. ट्रॉलीला ब्रेक नाही. हजार किलोचा धोंडा उतारावर जीपला पाठीमागून ढकलणार आणि वळणावर तिचं ढुंगण फिरवणार. ट्रॅक्टर स्वतःच दोन टनांच्या आसपास असतो आणि वेग वीस-पंचवीस. ट्रॅक्टरच.

६ ऑक्टोबर

दारावरून घरात वाद. सगळ्यांना दार मागंच हवंय. पाठ शेताकडं करून ट्रॉली लावायची आणि दारात बसून चहा प्यायचा, असं चित्र त्यांनी कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलंय. ते व्हिडिओ बर्फाच्या देशांतले. त्यांना थंडी आणि पाऊस बाहेर ठेवायचा असतो. आपल्याला ऊन आणि फुफाटा.

एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून कच्च्या रस्त्यानं गेलेल्या कोणालाही विचारा. पुढं बसलेला माणूस काळाच उतरतो, मागचा भुवयांसकट पांढरा. गाडी पुढं जाते तशी तिच्या पाठीशी हवेची पोकळी पडते. ती भरायला धूळ घेऊन हवा वळते आणि मागच्या दाराच्या, काचेच्या, दिव्याच्या मिळेल त्या फटीतून आत ओढली जाते. खिडक्या लावल्या तर धूळ आणखी वाढते, कारण आत हवा यायला दुसरी वाटच उरत नाही. आगारात मागच्या दारांना रबर बदलून बदलून हात दुखले, पण फट बुजवून हा प्रश्न सुटत नाही. गाडीच्या आत बाहेरच्यापेक्षा थोडी जास्त हवा कोंबली तरच सुटतो. मग फट असली तरी तिच्यातून हवा बाहेरच जाते.

म्हणून मागची भिंत सलग पत्र्याची, तिच्यात एकही भोक नाही. मागचे दिवेसुद्धा चेसिसच्या पट्टीवर, त्यांची वायर खालून. दार डाव्या बाजूला, म्हणजे रस्त्याच्या कडेला उतरता येईल. पुढं छतालगत एक तोंड, त्याला जाळी आणि फोम. ट्रॅक्टरच्या वेगाला वारा आत दाबला जाणार नाही, म्हणून भंगारातल्या गाडीच्या एसीचा ब्लोअर त्या तोंडामागं. तोंड खाली ठेवलं असतं तर ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांची माती थेट त्यातच आली असती.

मंडळी म्हणाली, एवढं शास्त्र आहे तर तिकीटही काढा.

१२ ऑक्टोबर, दसरा

ड्रिल, ग्राइंडर, पान्ह्यांची पूजा. ट्रॉलीला झेंडूची माळ. कामाला सुट्टी.

दुपारी जुने सहकारी बघायला आले. बॉडीचा विषय निघाला की आम्हाला वेळ कळत नाही. १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, तिची बॉडी लाकडी आणि छत कापडी होतं. पण तेव्हा आपण निजामाच्या राज्यात. आपल्याकडं निजामाच्या रेल्वेच्या रस्ता खात्याच्या बस १९३२ पासूनच धावत होत्या, हे पुण्याकडच्यांना ऐकवायला मराठवाड्याच्या मेकॅनिकला नेहमी आवडतं.

२७ ऑक्टोबर

बाजूंना ॲल्युमिनियमचा पत्रा. लोखंडी अँगल आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट टेकवले की ओल लागताच जोडावर पांढरी भुकटी धरते आणि पत्रा पोखरतो, म्हणून मधे सगळीकडं रबरी पट्टी. प्रत्येक रिव्हेटला सिलिकॉनचा ठिपका, मग रिव्हेट. वरून सिलिकॉन थापणं म्हणजे जखमेवर पावडर लावणं.

छताचं काम अर्धं झालंय. दुपारी तीनला बाहेर सावलीत ३३ अंश, नागड्या छताखाली ४६. आधी पुष्कळांनी थर्माकोल सुचवला. तो पेटला तर आतला माणूस बाहेर यायच्या आत धुरानं जाईल. एसीच्या डक्टला लावतात ती काळी रबर फोमची शीट लावली, तिच्यावर आतून चार मिलीमीटरचं प्लाय.

३ नोव्हेंबर

दिवाळीची पाहुणेमंडळी घरात असतानाच छत पूर्ण केलं. मूळ छताच्या दोन इंच वर दुसरा पांढरा पत्रा, पुढून-मागून मोकळा. ऊन वरचा पत्रा तापवतं आणि मधली तापलेली हवा वाहून जाते. आज बाहेर ३२, आत ३५. वरच्या पत्र्यावर हात ठेवता येत नाही, आतल्या प्लायवर गाल टेकवता येतो. ब्लोअरचं तोंड या दोन पत्र्यांच्या मधल्या जागेत घेतल्यामुळं त्याला पावसाचीही भीती नाही.

एप्रिल-मेमध्ये मात्र ही ट्रॉली दिवसा कामाची नाही. लातूरच्या उन्हाळ्याला दोन इंचांची हवा पुरत नाही, त्याला लिंबाची सावलीच लागते.

१७ नोव्हेंबर

वायरिंग. १२ व्होल्टचं सगळं: चार एलईडी, एक पंखा, ब्लोअर, मोबाइलचं चार्जिंग. छतावर १०० वॉटचं पॅनेल, चांगल्या उन्हात पाच-साडेपाच अँपिअर देतं. बॅटरी ८० अँपिअर-तासांची, त्यातली निम्मीच आपली समजायची, कारण ॲसिडची बॅटरी रोज तळापर्यंत उतरवली तर वर्षभरात मरते. रात्री दोन दिवे आणि पंखा धरून पंधरा-वीस जातात. भागतं.

घरच्या वायरिंगच्या सवयीनं लोक इथं बारीक वायर टाकतात. १२ व्होल्टला तेवढ्याच वॉटसाठी अँपिअर जवळपास वीसपट, त्यामुळं बारीक वायर तापते आणि टोकाला व्होल्टेज पोचत नाही. ब्लोअरला चार चौरस मिलीमीटर. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. सगळ्या वायरी लोखंडी पायपातून, कारण शेतातले उंदीर प्लॅस्टिकचा पाइप सोलून खातात.

१ डिसेंबर

दोन बाक, खाली सामान, मधे फळी टाकली की पलंग. प्लाय पाण्याला टिकणारं, आयएस ७१० शिक्क्याचं. ते जड असतं, म्हणून फक्त बाकांना आणि तळाला. गाद्या मंडळींनी जुन्या सोफ्याच्या फोममधून शिवून घेतल्या, कापड मातीच्या रंगाचं. पांढऱ्याचा आग्रह माझा होता, तो टिकला नाही. तिचं बरोबर होतं, धुणार तीच.

शेगडी आत ठेवायची नाही, यावर दोघांचं एकमत. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी बसून राहतो आणि बाकाखालच्या कप्प्यात वासही येत नाही. पाच किलोचं सिलिंडर पुढं कडीवरच्या पेटीत, पेटीच्या तळाला भोकं. स्वयंपाक बाहेर, दारावरच्या ताडपत्रीच्या छपराखाली.

१५ डिसेंबर

अडत दुकानातला धान्याचा काटा उसना आणून कडीखाली ठेवला. ट्रॉली आता सगळ्या सामानासकट १०९० किलो. कडीवर फक्त ६४. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार कडीवर यावा लागतो, नाहीतर मागचा भाग जड होऊन ट्रॉली मागून डोलायला लागते आणि खड्ड्यात कडी वर उचलली जाते. शंभर लिटरची पाण्याची टाकी मागच्या बाकाखालून काढून आसाच्या जरा पुढं घेतली, बॅटरी पुढच्या कोपऱ्यात. आता ११५.

मग धुळीची परीक्षा. मागच्या भिंतीला आतून ओलं पांढरं फडकं टांगलं आणि गावाबाहेर मुरमाच्या गाडीवाटेनं भाच्याला पळवायला लावलं. आधी ब्लोअर बंद: फडक्याच्या खालच्या कडेला तांबूस पट्टा उमटला. तळाच्या पत्र्याचा जोड तिथं आहे. फडकं धुऊन परत टांगलं, ब्लोअर चालू, तीच वाट. फडकं घरी आणून मंडळींना दाखवलं. तिनं उजेडात धरलं, वासही घेतला आणि म्हणाली, "हं." दाराच्या वादावर यापेक्षा जास्त कबुली मिळायची नाही.

२९ डिसेंबर

निघालो. लातूरहून औसा, पुढं खरोशाकडं. ट्रॅक्टरमागं पांढरी खोली बघून औशात लोकांनी निवडणुकीचं काही आहे का विचारलं. मधे थांबून हबवर तळहात ठेवून पाहिले. दोन्ही कोमट, सारखेच. एक जास्त तापला असता तर नट जादा आवळला गेलाय असं समजायचं.

अक्कानं जागा ठरवून ठेवली होती: विहिरीजवळ, ज्वारीच्या कडेला, काळ्या रानात. जागा सुंदर, पण ट्रॉली तिथं लावली नाही. आभाळ भरून होतं. काळी माती पाणी पिऊन फुगते, चाकाला चिकटून गोळे धरते आणि ट्रॉली आसापर्यंत बसते. मग ती काढायला दुसरा ट्रॅक्टर, आणि त्याला काढायला तिसरा. बांधापलीकडच्या मुरमाड माळावर लावली. अक्का रुसली. "एवढ्या लांबून आलास अन् दगडात बसलास." रात्री भुरभुर झाली आणि सकाळी दाजींची मोटारसायकल विहिरीच्या वाटेत रुतली, तेव्हा विषय मिटला.

रात्र गार होती. आत चौघं झोपलो, खिडक्या घट्ट लावून. पहाटे चेहऱ्यावर थेंब पडला. छप्पर गळत नव्हतं, आमचाच श्वास दाराच्या ॲल्युमिनियमच्या गार चौकटीवर पाणी होऊन टपकत होता. प्लायला घाम नाही, चौकटीला होता. दोन्ही खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवल्या, थांबला.

३० डिसेंबर, येळवस

सकाळपासून माणसांची रीघ. जिल्ह्याला आज सुट्टी, गावं रिकामी आणि शिवारं भरलेली. कडब्याच्या पेंढ्यांच्या कोपीत पूजा झाली. आंबील शिंपडत दाजींनी शेताला फेरी मारली. मग भज्जी, उंडे, गव्हाची खीर, आणि आंबिलाचा माठ. लसणाचा वास त्या माठातून येतो की वाऱ्यातूनच, ते आजच्या दिवशी सांगता येत नाही.

ट्रॉलीचं मी ठरवलेलं काहीच झालं नाही. बाकांवर पाळीपाळीनं लेकरं झोपवली गेली. पलंगावर अक्काच्या सासरच्या म्हाताऱ्या बायका पाय पसरून बसल्या. ताडपत्रीखाली चहाचं भगोणं दिवसभर उकळत होतं. ज्याला त्याला ब्लोअर चालू करून बघायचा होता. एका पाहुण्यानं विचारलं, कितीला पडली? भंगाराचा भाव सांगितला, बाकीचं मंडळी ऐकत होती म्हणून गिळलं.

संध्याकाळी दाजी ट्रॉलीभोवती एक चक्कर मारून आले. हरभरा घाट्यांत आलाय आणि डुकरं रोज रात्री येतात. मचाणावर या वयात थंडी सोसवत नाही. स्वतः काही बोलले नाहीत. अक्का बोलली, "हरभरा निघंपर्यंत इथंच राहू दी की."

३१ डिसेंबर

ट्रॉली तिथंच ठेवली. चारी कोपऱ्यांना टेकू देऊन पाट्यांवरचा भार कमी केला, चाकांना दगड, कडी लाकडी ठोकळ्यावर. गॅसचं सिलिंडर परत आणलं. दाजींना बॅटरीचा मीटर समजावला: १२.२ व्होल्टच्या खाली काटा आला की दिवे बंद.

५ जानेवारी

दाजींचा फोन. दोन रात्री डुकरं आली, दिवा लावला की पळाली. थंडी वाजत नाही, झोप मात्र फार लागते ही तक्रार. आणि दिवा दाराच्या बाजूला नको, हरभरा ट्रॉलीच्या पाठीमागं आहे, तिकडं एक मोठा लावून द्या.

मागच्या सलग भिंतीला आता भोक पाडावं लागणार. ड्रिल, रबरी बुश आणि सिलिकॉन पिशवीत भरून ठेवलं. रविवारी जातो.